जुन्नर-आंबेगावचा पिकअप : मालकाचे समाधान मोजायचे कशात?

नारायणगावच्या टोमॅटो उपबाजारात हंगाम भरात आला, की आवाराबाहेर पिकअपच्या रांगा लागतात. हौद्याच्या कठड्यांवर आणखी चार-पाच थर क्रेट रचलेले, त्यांवरून दोरखंडाची ओढ, फाळका साखळीवर अर्धवट तोललेला आणि गाडीचा मागचा भाग जमिनीकडे बसलेला, असे हे दृश्य असते. कुणी त्याला क्रेट म्हणते, कुणी कॅरेट. पण हिशेब सर्वांचा त्यातच चालतो. गाडी कोणत्या कंपनीची, तिचे इंजिन किती सीसीचे, यापेक्षा ती ‘किती क्रेट ओढते’ हा प्रश्न या रांगेत आधी विचारला जातो आणि नवी गाडी घेऊ पाहणारा शेतकरी आपला निर्णय बहुधा त्याच उत्तरावर घेतो.

वाहन उद्योगात ग्राहकाचे समाधान मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था नवी गाडी घेतलेल्यांना पहिल्या नव्वद दिवसांच्या अनुभवावर प्रश्न विचारते आणि १,००० गुणांच्या मापावर प्रत्येक गाडीला तोलते. आसने, आवाज, पडद्यावरची करमणूक, इंजिनाचा जोम असे त्यातले निकष. टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, निसान फ्रंटियर ही तिकडची मध्यम आकाराची पिकअप वाहने अशा याद्यांत वर-खाली होत असतात. या गाड्यांचा मालक आठवड्याचे पाच दिवस त्यातून कामावर जातो आणि सुटीच्या दिवशी मागे सायकल किंवा होडी टाकतो. त्याच्या समाधानाचा अर्थ निराळा. भारतातही या जातीची वाहने आली. इसुझुची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये सुमारे ३४ लाख रुपयांच्या प्रारंभिक किमतीला बाजारात उतरली. जुन्नर किंवा आंबेगावात ‘पिकअप’ म्हटल्यावर मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर हायलक्स येत नाही. येतो तो बोलेरो पिकअप, टाटाचा इंट्रा किंवा योद्धा, अशोक लेलँडचा दोस्त. इथे पहिल्या नव्वद दिवसांत मालक फारसे काही सांगत नाही. गाडीने टोमॅटोचा एक हंगाम, कांद्याची एक आवक आणि माळशेजचा एक पावसाळा पाहिला, की मग त्याचे मत तयार होते.

टेम्पोपासून पिकअपपर्यंत

मालवाहू गाडीला मराठीत सर्रास ‘टेम्पो’ म्हटले जाते, तो शब्द मुळात एका कंपनीच्या नावातला आहे. जर्मन सहकार्याने उभ्या राहिलेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाडीमुळे तो रूढ झाला. आकुर्डीची हीच कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. तिची मेटॅडोर आणि १९८६ मध्ये आलेली टाटाची ४०७ यांनी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला भाजीपाला बरीच वर्षे वाहिला. गावातल्या एखाद्याच घरी टेम्पो असे, पाच-सहा शेतकऱ्यांचा माल त्यात एकत्र भरला जाई आणि वेळ टेम्पोवाल्याच्या सोयीची असे. माल बाजारात उशिरा पोहोचला आणि भाव पडला, तर ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरी.

या चित्राला पहिला धक्का मे २००५ मध्ये बसला. टाटा मोटर्सने ‘एस’ हे छोटे चारचाकी मालवाहू वाहन आणले. दोन सिलिंडरचे सातशे सीसीचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन वजनाची क्षमता असलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. तीनचाकी रिक्षा-टेम्पोच्या पैशांत थोडी भर घालून चारचाकीचा मालक होता येते, हे त्यातून पहिल्यांदा दिसले. २०११ मध्ये अशोक लेलँडचा दोस्त सव्वा टनाच्या गटात आला. त्याच्या वरच्या गटात महिंद्रचा बोलेरो पिकअप होताच. त्याचे इंजिन व सांगाडा ज्या जीपच्या घराण्यातला, त्या जीपगाड्या या भागात वडाप म्हणून आधीच फिरत होत्या. त्यामुळे ती दुरुस्त करणारा मिस्त्री प्रत्येक फाट्यावर सापडत असे. हा योगायोग वाटतो तितका किरकोळ नव्हता. या दोन तालुक्यांत बोलेरोने जो जम बसवला, त्यात सुटे भाग आणि मिस्त्री यांचा वाटा जाहिरातींपेक्षा मोठा असावा.

अलीकडच्या काळात या गटातील स्पर्धा फारच वाढली. टाटाने २०१९ मध्ये इंट्रा आणला. पुढे त्याच्या व्ही३० या प्रकाराची क्षमता १,३०० किलो, तर व्ही५० ची १,५०० किलो झाली. २०२० मध्ये अशोक लेलँडचा बडा दोस्त आला. २०२२ मध्ये योद्धा २.० हा दोन टनांचा पिकअप दाखल झाला. त्याच वर्षी महिंद्रने बोलेरो मॅक्स पिकअपची शहरी आवृत्ती काढली आणि २०२३ मध्ये तिचा विस्तार करून दोन टन क्षमतेचा, दहा फुटी हौद्याचा एचडी प्रकार आणला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीची वीरो आली. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या शेतकऱ्यापुढे दोन-तीन पर्याय होते, त्याच्यापुढे आता डझनभर आहेत. पर्याय वाढल्याने निवड सोपी झाली, असे मात्र म्हणता येत नाही.

क्रेटचे गणित

टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो. प्लास्टिकच्या क्रेटचे स्वतःचे वजन दोन किलोच्या आसपास धरले, तर भरलेला क्रेट २२ किलोंचा होतो. १,३०० किलो क्षमतेच्या गाडीत असे ५९ क्रेट बसतात, १,७०० किलोच्या गाडीत ७७ आणि दोन टनांच्या गाडीत ९०. चालक व मदतनीस यांचे वजनही याच क्षमतेतून वजा व्हायचे असते. दोघांचे मिळून दीडशे किलो धरले, तर आणखी सहा-सात क्रेट कमी होतात. हौद्यावर नंतर चढवलेली लोखंडी जाळी, जादा स्टेपनी, ताडपत्री यांचाही भार आहेच. कायद्याच्या चौकटीत राहायचे, तर १,७०० किलोच्या पिकअपमध्ये सत्तरच्या आसपास क्रेट न्यायला हवेत. बाजाराच्या रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांवरचे थर मोजले, तर हा आकडा किती जण पाळतात, ते लगेच कळते.

याचे कारण हव्यास एवढेच नाही. भाडे बहुधा क्रेटमागे ठरते आणि डिझेल फेरीमागे लागते. शंभरावा क्रेट वाहताना डिझेल थोडेच जास्त जळते, पण भाडे पूर्ण मिळते. शेतकरी स्वतःचाच माल नेत असेल, तर एका फेरीत तोडणी संपवण्याची घाई असते. पिकलेला टोमॅटो दुसऱ्या फेरीची वाट पाहत नाही. त्यामुळे गाडी घेतल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ती पाटे वाढवून घेण्यासाठी गॅरेजमध्ये जाते. मूळ पाट्यांच्या थरात आणखी एक-दोन पाटे घातले, की मागचा भाग खाली बसत नाही आणि मालकाला गाडी ‘दमदार’ झाल्याचा आनंद होतो.

पाटे वाढवल्याने फक्त पाट्यांची ताकद वाढते. ब्रेक तेवढेच राहतात. मागचा आस, चाकांचे बेअरिंग, टायर आणि क्लच हेही कंपनीने १,७०० किलोंसाठीच बनवलेले असतात. सपाट रस्त्यावर ही उणीव जाणवत नाही. माळशेज घाट उतरताना जाणवते. आळेफाट्याहून कल्याणकडे निघालेल्या गाडीचा पहिला मोठा उतार हाच. पावसाळ्यात तिथे धुके आणि दरड दोन्हींची भीती असते. जादा वजनाने गरम झालेले ब्रेक अशा उतारावर कमी पकडतात, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे, आणि कुठलीही कंपनी त्याला अपवाद नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपयांवर गेला, त्यावर प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये. एका फेरीचे भाडे या दंडापुढे काहीच नाही. तरीही वजन वाढतेच, कारण दंड कधीतरी होतो आणि हप्ता दर महिन्याला असतो.

आंबेगाव तालुक्यात हा प्रश्न काहीसा वेगळा आहे. मंचरच्या बाजारात कांदा, बटाटा मोठ्या प्रमाणावर येतो, सातगाव पठारावरचा बटाटा तर प्रसिद्धच आहे. हा वजनदार माल. पन्नास किलोच्या पिशव्या धरल्या, तर १,७०० किलोत चौतीस पिशव्या संपल्या. हौदा निम्माही भरत नाही आणि क्षमता मात्र पुरी होते. याउलट कोथिंबीर, मेथी. संध्याकाळी शेकड्यावर लिलाव होणाऱ्या या जुड्या वजनाला हलक्या, पण जागा खाणाऱ्या. कोथिंबीर नेणाऱ्याला दोन टनांची क्षमता नको असते, त्याला लांब हौदा हवा असतो. झेंडूवाल्याचेही तसेच. म्हणून एकाच गावातील दोन मालक एकाच गाडीविषयी परस्परविरोधी मते सांगतात, आणि दोघेही खरे असतात. बटाटेवाला पाट्यांवर बोलत असतो, कोथिंबीरवाला फुटांवर.

ॲव्हरेज आणि हप्ता

नव्या गाडीची चौकशी करताना किंमत आधी विचारली जाते. मालकाच्या दीर्घकाळच्या समाधानाशी मात्र किमतीपेक्षा ‘ॲव्हरेज’चा संबंध अधिक आहे. एक उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. नारायणगाव ते वाशी हे माळशेजमार्गे जाऊन-येऊन सुमारे ३२० किलोमीटरचे अंतर. डिझेल लिटरला ९० रुपये आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर धावते असे धरले, तर एका फेरीला २,४०० रुपयांचे डिझेल लागते. तीच गाडी १० किलोमीटर देऊ लागली, तर २,८८० रुपये. फरक ४८० रुपयांचा. महिन्याला पंधरा फेऱ्या झाल्या, तर ७,२०० रुपये.

आता हप्ता पाहू. आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७ हजार रुपयांचा बसतो. म्हणजे लिटरमागे दोन किलोमीटरचा फरक हप्त्याच्या दोन-पंचमांश रक्कम खाऊन टाकतो. गाडी घेताना पन्नास हजारांची सूट मिळवण्यासाठी चार वितरकांकडे फिरणारा ग्राहक हा हिशेब कागदावर क्वचितच मांडतो. मिळणारे ॲव्हरेज पुन्हा वजनावर, टायरमधल्या हवेवर आणि चालकाच्या पायावर अवलंबून असते. जाहिरातीतला आकडा भरलेल्या गाडीने घाटात मिळवलेला नसतो.

कराच्या बाजूने अलीकडे मोठा दिलासा मिळाला. मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करासह दहा लाखांना मिळणारी गाडी त्यामुळे सुमारे ७८ हजारांनी स्वस्त होते. ज्यांनी त्याआधी काही महिन्यांत गाडी घेतली, त्यांना मात्र दुहेरी फटका बसला. कर जास्त भरला तो भरलाच, शिवाय नवी गाडी स्वस्त झाल्याने त्यांच्या जुन्या गाडीची किंमतही उतरली.

हप्त्याची खरी अडचण वेगळीच आहे. तो दर महिन्याला सारखा असतो. टोमॅटोचे उत्पन्न तसे नसते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटने दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. या भागातील काही शेतकरी एका हंगामात कोट्यधीश झाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. पुढच्या काही आठवड्यांतच आवक वाढली आणि सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले. जुलैच्या भावावर विश्वास ठेवून घेतलेल्या गाडीचा हप्ता सप्टेंबरमध्येही तेवढाच होता. बँका, वित्त कंपन्या आणि पतसंस्था पिकाच्या हंगामानुसार हप्ते लांबवण्याच्या योजना कधीकधी देतात. परंतु ती सवलत घेतली, तर व्याज वाढते. दोन-तीन हप्ते थकले, की वसुलीवाल्याचा फोन येतो. गाडीविषयी समाधानी असलेला आणि गाडीच्या कर्जाने त्रस्त झालेला असा एकच माणूस या तालुक्यांत सहज भेटू शकतो. समाधानाच्या पाहणीत त्याचे उत्तर कोणत्या रकान्यात टाकायचे?

बीएस-६ नंतरचा मिस्त्री

गेल्या काही वर्षांतील गाड्यांबद्दलची सर्वांत मोठी कुरकुर वजनाची नाही, किमतीचीही नाही. ती धुराच्या नियमांशी निगडित आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांचा दुसरा, अधिक कडक टप्पा आला. जुन्या डिझेल इंजिनात बिघाड झाला, तर फाट्यावरचा मिस्त्री आवाजावरून तो ओळखे. आताच्या इंजिनात डिझेल किती सोडायचे हे संगणक ठरवतो, धुराच्या नळीत सेन्सर बसलेले असतात आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की पूर्वीच्या मिस्त्रीकडे फारसे काही उरत नाही.

यातील काजळीच्या गाळणीचे प्रकरण नीट समजून घ्यायला हवे. बीएस-६ डिझेल वाहनांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली, की इंजिन धुराचे तापमान वाढवून अडकलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगात धावावी लागते. रात्री वाशीला जाणाऱ्या गाडीत हे काम महामार्गावर आपोआप उरकते, मालकाला पत्ताही लागत नाही. पण जी गाडी शेतातून पाच-सात किलोमीटरवरच्या बाजारात जाते, रांगेत तासभर इंजिन सुरू ठेवून उभी राहते आणि रिकामी परत येते, तिला ही संधी मिळतच नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो, ताकद कमी होते आणि सर्व्हिस सेंटरची वारी घडते. चालकाने मध्येच इंजिन बंद केल्याने काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली, तरी तेच होते.

याचा अर्थ असा, की लांब पल्ल्याला धावणारा मालक ज्या गाडीची स्तुती करतो, तीच गाडी गावातल्या गावात फिरणाऱ्याला सदोष वाटते. दोष गाडीचा कमी आणि वापराचा अधिक असतो. विक्रेत्याने गाडी देतानाच हे सांगितले, तर अनेकांचा मनस्ताप वाचेल. कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या हा एक पर्याय आहे. इंट्रा, बोलेरो पिकअप आणि वीरो या तिन्हींचे सीएनजी प्रकार निघाले आहेत. पण सिलिंडरचे वजन व जागा मालाच्या वाट्यातून जाते आणि घाटात त्यांचा जोर डिझेलइतका लागत नाही. फेरी खरोखरच छोटी आणि माल पाऊण टनाच्या आत असेल, तर जून २०२५ मध्ये चार लाखांच्या आत किंमत ठेवून आलेल्या एस प्रोसारख्या गाडीचा विचार करता येतो. पाऊण टन म्हणजे चौतीस क्रेट. एका एकराच्या टोमॅटोवाल्याला एका तोडणीत ते पुरतीलच असे नाही.

देखभालीच्या बाजूने एक सुधारणा निश्चित झाली आहे. बोलेरो मॅक्सच्या सर्व्हिसचे अंतर वीस हजार किलोमीटरपर्यंत गेले आहे. वाहन कोठे आहे, किती डिझेल जळाले, हे मोबाइलवर दाखवणारी यंत्रणाही आता या गटात मिळते. स्वतः गाडी चालवणाऱ्याला तिचा उपयोग बेताचाच. दोन-तीन गाड्या चालकांच्या हाती सोपवून घरी बसणाऱ्याला मात्र ती चांगलीच भावते. चालकांना ती आवडते का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

कागदांची बाजू

दोन्ही तालुक्यांतील गाड्यांची नोंदणी पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ मध्ये होते. नव्या मालवाहू वाहनाला पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यालाच बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतात. भरलेल्या गाडीचे एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल, तर वेगळ्या परवान्याची गरज नसते. त्याहून मोठ्या पिकअपला ती असते. टोल नाक्यावर छोट्या हत्तीची गणना मोटारीच्या वर्गात होते, पिकअपला मात्र हलक्या व्यावसायिक वाहनाचा जास्त दर पडतो. दोन टनांच्या मोहात पडताना हे बारकावे अनेकांच्या लक्षात येत नाहीत.

चालक परवान्याचा एक जुना वाद मात्र मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला मालवाहू पिकअप चालवता येतो की नाही, यावरून अपघातानंतर विमा कंपन्या दावे नाकारत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले, की ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन या परवान्यावर चालवता येते. शेतकऱ्याचा मुलगा घरचीच गाडी चालवतो, अशा हजारो कुटुंबांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

हौद्यात माणसे बसवण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. तोडणीच्या मजूर महिला सकाळी हौद्यातून शेतावर जातात, संध्याकाळी क्रेटच्या थरावर बसून परततात. यात्रा, लग्न, श्रावणातला देवदर्शनाचा सोमवार यांनाही पिकअपच धावतो. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण असते. फुकट किंवा भाड्याने बसलेल्या इतरांना नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशाराणी प्रकरणात विमा कंपनीची अशी जबाबदारी नाकारली, तेव्हापासून कायद्याची दिशा साधारण हीच राहिली आहे. अपघात झाला, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो, आणि ज्याच्या डोक्यावर गाडीचेच कर्ज आहे, त्याच्याकडून ती वसूल तरी कशी होणार? ११ ऑगस्ट २०२५ रोजी शेजारच्या खेड तालुक्यात पाईटजवळच्या कुंडेश्वर मंदिराकडे निघालेला पिकअप घाटरस्त्यावरून खाली कोसळला. त्यात महिला भाविकांचे बळी गेले. तो दिवस श्रावणी सोमवार होता.

पश्चिमेकडचा डोंगर, पूर्वेकडचे पठार

नारायणगाव-मंचर हा बागायती पट्टा म्हणजे संपूर्ण जुन्नर-आंबेगाव नव्हे. पश्चिमेला डिंभे धरणाच्या मागे आणि भीमाशंकरच्या रांगेत आदिवासी गावे आहेत. तिथे हिरडा, भात आणि जनावरे यांची वाहतूक होते, पाऊस कोसळतो आणि डांबर जिथे संपते तिथून लाल चिखल सुरू होतो. अशा ठिकाणी क्षमतेपेक्षा गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची महत्त्वाची. चारही चाकांना जोर देणारा प्रकार किंवा मागे छोटा हौदा व पुढे दुहेरी आसने असलेली कॅम्पर यांना इथे मान आहे, कारण त्यात घरची माणसे बसूनही नेता येतात.

बैलगाडा शर्यती हा या भागाचा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. तेव्हापासून घाटाघाटावर बैल नेणाऱ्या पिकअपच्या फेऱ्या वाढल्या आहेत. लाखमोलाचा बैल हौद्यात उभा असताना गाडीने धक्के खाऊ नयेत, ही मालकाची अपेक्षा असते. टोमॅटोसाठी पाटे वाढवलेली गाडी रिकामी किंवा हलकी असली, की नेमकी तेव्हाच सर्वाधिक उसळते. त्यामुळे शर्यतीचा नाद असलेला मालक वाढवलेले पाटे पुन्हा काढून टाकतो, किंवा बैलांसाठी भाड्याने दुसऱ्याची गाडी सांगतो.

आठ-दहा वर्षे झाली, दरवर्षीच्या पासिंगचा खर्च सुरू झाला, की बागायती पट्ट्यातील मालक गाडी विकायला काढतो. टाटाच्या गाडीपेक्षा बोलेरोला जुन्या बाजारात भाव चांगला मिळतो, हा समज इथे पक्का आहे आणि त्या समजामुळेच तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. आणे पठार किंवा आंबेगावच्या पूर्वेकडील लोणी-धामणी या कमी पावसाच्या भागात अशा गाड्यांना गिऱ्हाईक असते. उन्हाळा लागला, की हौद्यात प्लास्टिकची टाकी ठेवून ती पाणी वाहू लागते. हजार लिटरची टाकी म्हणजे बरोबर एक टन, हे सोपे आहे. दोन हजार लिटरची ठेवली, की वजन पुन्हा क्षमतेच्या पलीकडे जाते, आणि अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते. क्रेट निदान दोरखंडाने बांधता येतात.